सात नंबरचं टेबल

२ नोव्हेंबर, सकाळी ७
नातीने वही दिली. खाली कुलूप कधी उघडलं, कधी लावलं ते लिहायचं म्हणे. मी चौथी शिकलेली, तेवढं जमतं. पण कुलपावर माणूस लिहिणार किती? मागची पानं माझी. कोणी वाचायची नाहीत.
खाली म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचं शिवणकामाचं दुकान. तो जाऊन तीन वर्षं झाली. मेन रोडवरचा छत्रीवाला उठला, रेडिओवाला उठला, घड्याळवाल्याच्या जागी नखं रंगवतात. तेव्हा रस्त्यावरच्या उरलेल्या दुकानदारांनी मिळून कमिटी केली आणि आमचं बंद दुकान जागेच्या मालकाकडून भाड्याने घेतलं. दहा टेबलं मांडली. लोक येतात, लॅपटॉप उघडतात, भिंतीकडे बघत बसतात. ह्याला काम म्हणतात. शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम. नात सेक्रेटरी. मी वरच राहते, म्हणून किल्ल्या माझ्या कमरेला.
मालक म्हणालाय, महिनाअखेर दहाही टेबलं भरलेली दिसली पाहिजेत, नाहीतर जागा चष्म्याच्या कंपनीला.
भरतील. मी बसलेय ना इथे.

४ नोव्हेंबर
नऊ भरली. उरलं सात नंबर, म्हाताऱ्याचं कापड बेतायचं टेबल. नकाशे काढणारी एक मुलगी मागायला आली. मी म्हटलं, पाय डुगडुगतो. तिने हलवून पाहिलं. हललं नाही. मी म्हटलं, आज नाही डुगडुगत.
आठवण वगैरे काही नाही. चाळीस वर्षं त्या टेबलाने माझं डोकं खाल्लं. पण कोणीही यावं आणि त्यावर कॉफीचा कप आपटावा, हे बरं दिसत नाही.
दहावं टेबल दुसरीकडे घालू. जागा शोधते.

७ नोव्हेंबर
जागा नाही.
नकाशेवाली नातीला घेऊनच आली. नात म्हणाली, आजी, पाय चांगले भक्कम आहेत की. मग मला सुचलं. आवाज खाली आणून सांगितलं, दुपारी तीनला तिथे कात्री चालते. माणूस नसतो.
मुलगी पांढरीफटक. दप्तर गुंडाळून गेली. नात म्हणाली, आजी, थापा मारू नकोस. थाप कसली, ह्याला मॅनेजमेंट म्हणतात.

११ नोव्हेंबर
तक्रारवहीत दोघांनी लिहिलंय. कानात बोळे घालून बसणारा जाड्या लिहितो, तीनच्या सुमाराला मागे कोणीतरी उभं असतं, वळलं की नसतं. भाषांतरवाल्या बाईंचा दिवा आपोआप विझतो.
कमाल आहे. तीनला मी रोज खाली असते. भर उन्हात दिवे जाळतात, ते मालवायला. मला नाही कोणी दिसलं.

१३ नोव्हेंबर
आज बाई म्हणाल्या, मी वाकून बसले होते तर मागून कोणी च्‌ च्‌ केलं.
वाकडी कात्री मारली की म्हातारा असंच करायचा. त्याच्याबरोबर राहून मलाही तीच सवय लागली, मेली.
माझा भुतांवर विश्वास नाही. पण हा माणूस मेल्यावर तरी ऐकेल असं नव्हतंच. आला असणार.
ठरवलं. उद्या तीनला समोर बसायचं आणि विचारायचं, डॉक्टरकडे चला म्हणून मी आठ दिवस ओरडत होते, तेव्हा एवढा कोट होऊ दे, एवढा कोट होऊ दे, असं का केलंत? कोट झालाच नाही. टेबलावरच डोकं टेकलं होतं.

१४ नोव्हेंबर
नाही आला.

१७ नोव्हेंबर
रोज बसते. तीनला रस्ता थांबल्यासारखा होतो. पंखा फिरतो, ऊन टेबलाच्या कडेला येऊन उभं राहतं, आत यायला घाबरतं. आज कात्रीचा आवाज आला. खरंच आला. उठून बघितलं तर खिडकीची बिजागरी.
जाड्याला मात्र काल पुन्हा भेटला. परक्यांना दर्शन, बायकोला पाठ. जिवंतपणी हेच होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
जागेची माहिती द्यायचा कार्यक्रम. नात म्हणाली, आजी, जुन्या दुकानांवर पाच मिनिटं बोल, लोक जागेकडे वळतील. मी चाळीस मिनिटं बोलले. म्हातारा, कोट, टेकलेलं डोकं, कात्री, सगळं. काहीजण मध्येच उठले. डोळे पुसायला गेले असतील.
मोठं यश.

२४ नोव्हेंबर
सहाजणांनी टेबलं सोडली. हल्लीच्या लोकांत दम नाही. सातसकट सात रिकामी.
घाबरायचं कारण नाही. मालक येईल त्या दिवशी ओळखीची माणसं बसवू. नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, दादाने जिवंतपणी कधी पाणी विचारलं नाही, आता भेटून काय बोलू? तरी येते म्हणाली, बसायला गादीची खुर्ची दे.

२७ नोव्हेंबर
मालक आला. सहा टेबलांवर सहा ओळखीचे, पुढ्यात बंद लॅपटॉप. मालकाने नणंदेला विचारलं, आपण काय करता? नणंद म्हणाली, दुपारची झोपते.
सातवर कोण, म्हणाला. नात माझ्याकडे बघत होती. एवढंच म्हणायचं होतं की मी. तोंडातून निघालं, ते यायचेत.

२८ नोव्हेंबर
मालकाचं पत्र. जागा चष्मेवाल्यांना.
कमिटी बसली. कुठे बिनसलं बघू म्हणून नातीने तक्रारवही मोठ्याने वाचली. पांढरा अंबाडा. अनवाणी. किल्ल्या वाजतात. लवंगेचा वास येतो. च्‌ च्‌ होतं आणि दिवा जातो.
सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या दाढेखाली लवंग होती.
नात जवळ येऊन म्हणाली, आजी, जाऊ दे गं.
मला लाज नाही वाटली. मी लाजणारी नव्हे. एवढंच कळलं की तो आलाच नाही. कोणाकडेच नाही. एकदाही नाही.

३० नोव्हेंबर, दुपार
चष्मेवाल्यांचा सुतार आला. टेबल दुकानातच जोडलेलं, दारातून निघत नाही. कापावं लागेल म्हणाला. म्हटलं, काप.
मग जाऊन टेबलाशी बसले. हात ठेवले. लाकूड गार होतं, बाकी काही नाही.
सुतार बराच वेळ करवत घेऊन उभा होता. शेवटी म्हणाला, आजी, उठता का?
उठले.