कॅम्परच्या तेलातले सालटे

आचलचे बाबा,

आपली कॅम्पर, आत झोपाची अन् सैपाकाची सोय असलेली गाडी, मी सकाळीच अकोल्याले मिस्त्रीकडं नेली. दोन महिने मागच्या चाकांकडून घरघर येत होती अन् परवापासून एकदम बंद झाली, हे मले पटलंच नाई. इचारलं का तुमी म्हनत, "गाडीतल्या ओट्यावरचे भांडे वाजून राहिले."

मिस्त्रीनं मागचे चाकं फिरवनाऱ्या डिफरन्शियलचं तेल काढलं, तं त्यात केळाचे सालटे निघाले. म्हने, गाडी इकाची असली का लोक असाच आवाज दाबतात.

अन् इकून कोनाले राहिले तुमी? माह्या भावाले! खुशालदादा पोट्टे घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढनार होता. मंधातच मागचं चाक जाम झालं असतं तं? लाज कशी नाई वाटली? ते केळे बी त्याच्याच वावरातले होते.

मी सालटे काढून नवं तेल भरून आनलं. घरघर पुन्हा सुरू झाली. गाडी दारात लावली, मी आचलले घेऊन मावशीकडं चालली. दादा चार वाजता गाडी न्याले येईन. त्याले मी काहीच सांगतलं नाई. आवाज कायचा म्हनून त्यानं इचारलं, तं तुमीच सांगा. गाडीतले भांडे मी सारे घरात काढून ठेवले.

वर्षाली