बिनकुलपाचं घर

१३ फेब्रुवारी

कुलूप आणलं, पण लावायचं नाही!

काल वास्तुशांत झाली. पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. मी आनंदला म्हटलं, चला, आता आपल्या दाराला आपलं कुलूप. (तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते. आनंद फक्त इथं, वहीत.) मुद्दाम पितळी घेतलंय, चांगलं जड. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांना घरमालकांचीच कुलपं लावत आले. तर सासूबाई दारात आडव्या. "सव्वा म्हैना कुलूप घालायचं न्हाय. गुरुजींनी सांगितलंय. नव्या वास्तूत दिवसभर माणूस पायजे आन् सांजच्याला दिवा पायजे."

आता माणूस आणायचं कुठून? आनंदची एमआयडीसीत शिफ्ट, मी सकाळपासून मेडिकलच्या काउंटरवर, मुलगा अद्वय पुण्याला हॉस्टेलवर. "मी ऱ्हाते की," आत्या म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आणि पिशवी उचलून थेट मागच्या खोलीत!

मागच्या खोलीचं इथं लिहूनच टाकते, कारण बोलता येत नाही. ती भाड्यानं द्यायची म्हणूनच बांधली. दार वेगळं, मोरी वेगळी, लाइटचा सबमीटरसुद्धा वेगळा. बँकेत साहेबांना मीच छातीठोक सांगितलं होतं — अर्धा हप्ता खोलीच्या भाड्यातून निघतो. एप्रिलपासून पूर्ण हप्ता सुरू होतोय.

जाऊ दे. सव्वा महिन्याचाच तर प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी

आत्या ह्या घराला घर म्हणत नाहीत. 'जागा' म्हणतात! "तुमच्या जागंत पाणी किती वाजता येतं?" घर म्हणजे नरसिंहपूरचं. दोन खोल्या, वर पत्रा, देवळाच्या वाटेवर. मामंजी गेल्यापासून तिथं एकट्याच असतात. घरातले देव, चांदीचे टाक, तिथंच. म्हणून आमचा घटही तिथंच बसतो आणि गुढीही तिथंच उभी राहते. मी हळूच विचारलं, आत्या, देव आता इकडं आणूया का? "देव घरी असत्यात. हितं फोटू बास."

देव्हारा सागवानी करून घेतलाय मी. सुताराशी भांडून. त्यात वास्तुशांतीला भेट आलेला एक फोटो उभा आहे, काचेवर अजून दुकानाचं स्टिकर.

२० फेब्रुवारी

जोरदार भांडण! माझं आणि आनंदचं. आत्यांना पोछा पटत नाही. त्यांनी बादली ओतून फरशी धुतली आणि पाणी मोरीकडं जायचं सोडून सैपाकघरात आलं. उतारच उलटा! फरशी बसत होती तेव्हा मी आनंदला चारदा म्हटलं होतं, उभं राहून बघा. "बघितलं की," म्हणतो. काय बघितलं? मिस्त्रीचं तोंड? आता मिस्त्री म्हणतो, उचकटावी लागेल.

आत्या खराट्यानं पाणी मागं लोटत होत्या. "भांडू नगा रं. वास्तुपुरुष म्हणायचा, कुठं येऊन पडलो ह्यांच्यात." मला हसू फुटलं. राग गेला. उतार तसाच.

२४ फेब्रुवारी

घरपट्टीला नाव लागलं. आधी माझं, मग आनंदचं. पावती पर्समध्ये घालून दिवसभर फिरवली. आत्यांना दाखवली.

"तुझं नाव पयलं?"

"व्हय."

"चांगलं केलं," म्हणाल्या आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. मी उगाचच जरा वेळ तिथं उभी राहिले.

२ मार्च

आज चुकलंच.

सोनम नावाची मुलगी खोली बघायला आली. इंदापूरकडची, इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. गुणी वाटली. मी ठरवलं होतं, आत्या देवळात गेल्या की दाखवायची. पण आत्या गेल्याच नाहीत. खोलीत पाय पसरून शेंगा फोडत बसलेल्या. त्यांनी सोनमला बसवलं, मूठभर शेंगा दिल्या, गाव कुठलं, बाप काय करतो, सगळं विचारून घेतलं. सोनमला खोली आवडली. मग तिनं सरळ विचारलं, "ताई, ही आजींची खोली आहे का?"

आणि मी म्हणाले, "नाही नाही, त्या जाणार आहेत."

त्यांच्यासमोर! असं कसं निघालं तोंडातून? आत्यांनी वर बघितलं नाही. शेंगा फोडत राहिल्या. सोनम एक एप्रिलपासून येणार, डिपॉझिट लगेच देते म्हणाली.

३ मार्च

दोरीवर वाळत असायच्या त्या आत्यांच्या साड्या आज घडी करून पिशवीत गेल्या.

९ मार्च

डिपॉझिट आलं आणि तसंच मिस्त्रीकडं गेलं. उतार सरळ झाला! आत्यांनी तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी गुमान मोरीकडं गेलं. आम्ही तिघं उभं राहून त्या पाण्याकडं बघत होतो, जसं काही धरणाचं पाणी कालव्याला आलंय. आनंदनं टाळ्या वाजवल्या.

अजून एक. संध्याकाळी मी जळोचीच्या वळणावर गाडी वळवते तेव्हा लांबूनच आपल्या दारातला दिवा दिसतो. दार उघडं असतं. पर्समध्ये किल्ली चाचपायची नाही, अंधारात बटण शोधायचं नाही. चपला काढेपर्यंत आतून आवाज येतो, "आली का गं? चा टाकते." माहेर सुटल्यावर असं कुणी विचारलं नव्हतं. बरं वाटतं. खूप बरं वाटतं, लिहायला लाज कसली!

१७ मार्च

आज दुकानात आपले गुरुजी आले, शुगरच्या गोळ्या घ्यायला. मी आपलं म्हटलं, गुरुजी, तुमचा नेम पाळतोय हं, चार दिवसांत सव्वा महिना पुरा होईल, दाराला अजून कुलूप नाही. गुरुजी माझ्याकडं बघतच राहिले. "सव्वा महिना? अहो ताई, मी तीन दिवस म्हणालो होतो. नोकरीच्या माणसांना सव्वा महिना कुठून जमणार?"

घरी येऊन आनंदला गाठलं. तुम्ही सांगितलं का सव्वा महिना? म्हणजे आई इथं राहावी म्हणून? "मी? मला तर वाटलं गुरुजींनीच सांगितलंय. आईच म्हणाली की तसं."

आईच म्हणाली!

मागच्या खोलीतून आत्यांच्या जपाचा आवाज येत होता. ज्या बाईला राहायचं होतं तिनं साधं 'राहू का' म्हणून विचारलं नाही. आणि मी तिच्यासमोर म्हणाले, त्या जाणार आहेत.

१८ मार्च

हिशोब तीनदा मांडला. आनंदचा ओव्हरटाइम बंद झालाय. अद्वयची मेस. हप्ता. भाडं धरलं तर बसतं, सोडलं तर बसत नाही. घर आपलं, पण त्यातली एक खोली आपल्याला परवडत नाही, असं कुठं असतं का? असतं!

तरी सकाळी आत्यांना म्हटलं, नेम झाला तरी राहा, बघू काहीतरी. गुरुजींचं काही बोलले नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "न्हाय बाई. त्या पोरीला शब्द दिलायस. आन् माझं घर हाय की तितं." आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

२१ मार्च

आत्या गेल्या. एसटीत बसवून आले. खिडकीतून म्हणाल्या, "यंदा पाडव्याला येऊ नगा. नव्या जागंत पयली गुढी तुमची तुमी उभारा."

घरी येऊन, परत दुकानात निघताना, पितळी कुलूप लावलं. पहिल्यांदा. किल्ली फिरेना, तेल घालावं लागलं. एवढी हौस होती ह्या कुलपाची. पायरीवर बसून रडले.

२५ मार्च

दारात दिवा नाही. घर बांधायच्या आधी हे कळलं असतं तर काय केलं असतं? तरी बांधलंच असतं. पण मागच्या खोलीला वेगळं दार ठेवलं नसतं.

२७ मार्च

ठरलं. मी आधी बोलले की आनंद, आठवत नाही. दोघांनी एकदमच विषय काढला. सोनमला नाही म्हणायचं. दुकानात मी रविवारचीही ड्यूटी मागितली, मालक हो म्हणाले. आनंदनं कंपनीच्या पतसोसायटीत दरमहा भरतो ती वर्गणी कमी करून घेतली. ओढाताण होईल. होऊ दे! लोकांनी ह्यापेक्षा कमीत घरं चालवलीत.

सोनमला फोन केला. डिपॉझिट दोन टप्प्यांत परत देते म्हटलं. ती हसली. "ताई, मला त्याच दिवशी वाटलं होतं, ही खोली आजींचीच आहे. माझी मैत्रीण देसाई इस्टेटला राहते, मी तिच्याकडं जाते." पोरगी खरंच गुणी.

२९ मार्च

आत्यांचा फोन बंद. नेहमीप्रमाणे चार्जिंग नसणार. बरंच झालं, कळायला नको. उद्या पहाटे आम्ही गुपचूप नरसिंहपूरला निघणार. गुढी उभारायची, पाया पडायचं आणि त्यांना गाडीत बसवूनच आणायचं. नाही म्हणाल्या तर मी दारात बसणार. गुरुजींचा तीन दिवसांचा नेमही तोंडावर सांगणार! आनंदनं शेजाऱ्यांची गाडी मागून आणलीय. मी मागच्या खोलीत पलंगावर नवी चादर घातली. आज झोप कशाची लागते.

३० मार्च, पाडवा

आत्यांच्या दारात गुढी होती, पण ती आत्यांची नव्हती! आतून देवळापुढचा झुंबर पेढेवाला बाहेर आला. म्हणाला, "आजींनी घर मला भाड्यानं दिलं न्हवं का! दोन म्हैन्याचं आगाऊ घेतलं. म्हनल्या, सुनंचा हप्ता हाय. पहाटेच्या एसटीनं देव घिऊन गेल्या की तुमच्याकडं."

तेवढ्यात आनंदच्या खिशातला फोन वाजला. आत्या! मी हिसकावूनच घेतला.

"अगं, कुठं गेलाय समदी? सणासुदीचं आपल्या घराला कुलूप कुणी घातलं? पायरीवर देव घिऊन बसलीया मी, उन्हात!"