जाळं ओलांडणारी पोरगी

बाबा,

तुमच्या लेखी मी पोस्टानं लेखिका व्हायला निघालेली बावळट पोरगी होते. आज केस पांढरे झाले तरी मी तोच धंदा करते, मुलांसाठी गोष्टी लिहिते. हे तुम्हाला सांगताना जरासुद्धा संकोच वाटत नाही, उलट बरं वाटतंय. तुम्ही असता तर पुन्हा तेच विचारलं असतं, की पोराटोरांच्या गोष्टी लिहायला शिकावं लागतं का, त्या तर गावातल्या म्हाताऱ्या फुकटात सांगतात. लागतं, बाबा. मी शिकले, आणि तुमच्या नाकावर टिच्चून शिकले.

तेव्हा आपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमचा जन्म सानगडीकडचा, तलावात मासोळ्या धरणाऱ्या घरातला. पण स्फोटकांच्या कारखान्यात लागल्यावर तुम्ही ते सारं गाव बाहेरच ठेवलं, रोज सकाळी फाटकावर काडीपेटी काढून ठेवायचात तसं. घरात कोणी 'मले-तुले' बोललं की तुम्ही डोळे वटारायचात. आत्यानं गावाहून मरळ पाठवली की आई आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई, मगच कढई चुलीवर. शेजारचे बंगाली बाबू रविवारी खिडक्या सताड उघड्या टाकून मासे तळायचे, साऱ्या लाइनीत वास सुटायचा, त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. आपण मात्र धुरानं डोळे पुसत जेवायचो. मी एकदा विचारलं, आपणच काहून खिडकी लावतो? तुम्ही म्हणालात, काहून नाही, का म्हणावं. एवढंच बोलून तुम्ही पानावरून उठलात.

बारावीनंतर तुम्ही मला भंडाऱ्याच्या टायपिंग क्लासला घातलं, कारण कारखान्याच्या ऑफिसात चिकटवायचं होतं. मी रोज बसनं जात होते, खोटं नाही. पण एका मासिकातली जाहिरात पाहून मी पुण्याच्या एका संस्थेचा मुलांसाठी लेखन शिकवणारा अभ्यासक्रमही घेतला होता. महिन्याला एक पाठ पोस्टानं यायचा, मी गोष्ट लिहून पाठवायची, आणि तिकडच्या एक बाई ती लाल शाईनं तपासून परत पाठवायच्या. वर्षाच्या शेवटी एक मोठी गोष्ट लिहायची होती, मोठ्या मुलांसाठी. ती पसंत पडली तर त्यांच्या पुस्तकात छापणार होते. मला ती छापून हवी होती. इतकी हवी होती की दुसरं काही सुचत नव्हतं. सुरुवातीचे पाठ मी समुद्रावर लिहिले, कारण वाचलेल्या पुस्तकांत मासे धरणारी माणसं समुद्रावरच असायची. बाईंनी समासात लिहिलं, 'तुमच्या समुद्राला वास नाही.' मला रडू फुटलं. दोन दिवस धुसफुसले आणि मग आजोबांचा तलाव घेतला.

गोष्टीत तेरा वर्षांची एक पोरगी आहे. स्कॉलरशिपच्या परीक्षेला साकोलीला जायचं आहे, एसटी गावाबाहेर उभी आहे, आणि तलावाच्या पाळीवर तिच्या आजोबांचं जाळं आडवं वाळत पडलं आहे. ती उडी मारते आणि बस गाठते. मी ते वाक्य सहज लिहून टाकलं होतं. माझ्या हिशेबानं खरी गोष्ट पुढे होती, परीक्षेच्या वर्गात.

रविवारची सकाळ. तुम्ही आंघोळ करून आला आहात, खांद्यावर पंचा आहे, टेबलावरचे माझे कागद उचलून उभ्या उभ्या वाचताय.  मला वाटतंय, आता टायपिंगवरून सुरू होणार. तुम्ही बोललात ते मात्र आमच्यावर बंदी घातलेल्या बोलीत.

"काहून लिहिलं तू हे? तुले कोनी सांगतलं? आपल्यात बाईमाणूस जाळं ओलांडत नाही. ओलांडलं त मासोळी येत नाही त्याच्यात."

मला कुठे माहीत होतं! तुम्ही कधी सांगितलं? मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, पोरगी वळसा घालून गेली असं लिही, नाहीतर माझं आडनाव त्या कागदावर लावू नको.  तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मंग बस चुकंल ना तिची."

तुम्ही आईकडे पाहिलंत, कागद टेबलावर टाकलेत आणि सायकल काढून निघून गेलात. मी तिथेच बसून वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. पोरगी जाळ्यापाशी थांबते. ओलांडायचं नसतं हे तिला माहीत आहे. आजोबा पाहत आहेत, हेही तिला माहीत आहे. आणि ती ओलांडते. सोमवारी भंडाऱ्याला जाताना लिफाफा पेटीत टाकला. खाली फक्त माझं नाव लिहिलं, आडनाव नाही. बाईंचं उत्तर आलं, 'आता गोष्ट झाली.' ती छापून आली. पुस्तक रेडिओवर कितीतरी दिवस पडून होतं, तुम्ही बातम्या लावताना ते बाजूला सरकवायचात, पण उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. आपल्यात त्यावर एक शब्द झाला नाही.

मला अजून राग आहे, बाबा. तुम्ही एक अख्खा तलाव माझ्यापासून लपवून ठेवलात, आणि त्यात मी चुकले तर माझ्यावरच चिडलात. हेही कळतं की त्या सकाळी तुम्ही आडवे आला नसता तर ती पोरगी नुसती उडी मारून गेली असती आणि मी आज टायपिस्ट म्हणून रिटायर झाले असते. पण त्याबद्दल आभार मागू नका, मिळणार नाहीत. माझ्या सगळ्या पुस्तकांवर माझं एकटीचं नाव आहे. नातेवाईक म्हणतात, निदान आता तरी बापाचं नाव लाव. मी म्हणते, त्यांनीच नको म्हटलं होतं.

शाळांमध्ये बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, मॅडम, तुम्ही खरंच जाळं ओलांडलं होतं का? मी ठणकावून हो म्हणते. पोरी टाळ्या वाजवतात. मागच्या हिवाळ्यात आत्याच्या नातीच्या लग्नाला गावी गेले होते. सकाळी एकटीच तलावावर गेले. पाळीवर जाळं वाळत होतं, पाळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. मी साडी वर धरली, पाय उचलला. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग पाळीवरून खाली उतरले आणि चपला हातात घेऊन चिखलातून वळसा घालून पलीकडे गेले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून तुम्हालाच तेवढं सांगते. पोरींना नाही सांगणार.