पत्त्याखाली छापलेले कारण

३ फेब्रु., मंगळ.
रावमामांचे काम घेतले. आईचे चुलतभाऊ, नाही म्हणता येत नाही. त्यांचा धंदा असा: परगावचे लोक नाव, गोत्र, नक्षत्र आणि पूजेचे कारण कळवतात, तिरुनागेश्वरमच्या देवळात त्यांच्या नावे राहूची पूजा होते, प्रसादाची पुडी टपालाने घरी. आता एका मोठ्या अ‍ॅपशी करार व्हायचा आहे. अ‍ॅपवाल्यांना आधी नव्या खासगीपणाच्या कायद्याचा अहवाल हवा, तपासणारी म्हणून माझ्या सहीचा. करार फिसकटला तर दुकान बंद, असे मामा म्हणतात.

५, गुरु.
सगळी माहिती एकाच तक्त्यात. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर. 'कारण' रकाना वाचायला घेतला. मूल नाही. कोर्ट. नवऱ्याची दारू. मुलीला फिट्स. मूल नाही. मूल नाही. दुपारी थांबले.
"कारण कशास ठेवतां, मामा?"
"संकल्पांत म्हणाया होणा की गे. देवास कसें कळेल?"

८, रवि.
राहुकाळात देवळात गेले. गर्दी. पूजा करणाऱ्या गुरुक्कलना विचारले. "नाव, गोत्र, नक्षत्र, बस. दीड तासात एवढी नावं. कारण कोण वाचतं, मा? त्याला कळतं."
म्हणजे रकाना कोणीच वाचत नाही. नाही, दुकानातली सेल्वी वाचते. पुड्या ती भरते; हळदीचा दोरा घालायचा की विभूती, ते कारणावरून ठरवते. दिवाळीत लेबलचे यंत्र आले. तिच्या सोयीसाठी कारणही छापू लागले. पुडीच्या बाहेर. पत्त्याखाली.

१०, मंगळ.
जुन्या मेल्स चाळल्या. तिरुचीची एक बाई, जानेवारीत: 'मी माहेरचा पत्ता दिला होता. पुडी जुन्या पत्त्यावर, सासरी पोचली. वर छापले होते, नवऱ्यापासून सुटका. माझे नाव पुसा. उत्तर पाठवू नका.'
सेल्वीने त्याच दिवशी तक्त्यातली ओळ पुसली होती. मला अभिमानाने सांगितले, "मागितलं की पुसायचं, कायद्यातच आहे ना, अक्का?"
आहे.
त्या बाईचे पुढे काय झाले, कोणी विचारले नाही.

१२, गुरु.
लेबलवर आता फक्त क्रमांक. 'कारण' रकाना बंद. दोरा की विभूती, ते गिऱ्हाइकानेच निवडायचे. दुपारी सेल्वी म्हणाली, "चिकटवताना मी एकेकीसाठी मनात म्हणायचे, अक्का. आता कुणासाठी म्हणू?"
डोके दुखत होते. लवकर घरी.

१४, शनि.
मामा घरी आले. अहवालात 'माहिती फुटल्याची घटना' या ओळीपुढे 'नाही' लिही म्हणतात.
"तक्त्यांत तिची ओळच उरली नाही, तर घटना कुठली गे? कायद्याप्रमाणेंच पुसली."
"मेल आहे."
"तीही पूस."
आई मधे पडली. "एकच शब्द तर आहे."
"सही माझी आहे," मी म्हटले.
मामांनी कॉफी अर्धी ठेवली. "एवढें शिकलीस तें मामाचें दुकान मोडायास?"
आई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.

१७, मंगळ.
लिहिले: घटना, हो. दिवाळीपासूनच्या सगळ्या पुड्या. मामांना पाठवले. पुढे अ‍ॅपवाल्यांना द्यायचे की नाही, ते ठरवतील. बाकी गिऱ्हाइकांसाठीचे पत्रही सोबत.
तिरुचीच्या बाईचे वेगळे लिहिले. चार ओळी. काय चुकले, काय बदलले, मदत लागली तर माझा नंबर. नियम म्हणतो, प्रत्येकीला कळवा. ती म्हणते, उत्तर नको. तिची मेल त्या घरात आणखी कोण उघडते, माहीत नाही. हेही पत्र म्हणजे दुसरी पुडीच.
मामांचा फोन. अहवालाबद्दल अवाक्षर नाही. फक्त, "ती नको म्हणाली ना? सोड की, गे."
बरोबर असतीलही. ते दुकानासाठी म्हणतात, एवढेच.

१८, बुध.
सकाळपासून तिच्या मेलचा मसुदा चारदा उघडला. मजकूर ठीक आहे. पत्त्याची जागा अजून रिकामी.