पाळीच्या आत मशीन

७ जानेवारी
पायथन! साप पकडायला नाही, कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसवलं आहे. बुटीबोरीच्या आमच्या सूतगिरणीत, जेवणानंतर, कॅन्टीनमध्येच वर्ग. शिकवायला मिहानच्या आयटी कंपनीतून धर्मेंद्र सर — या भट्टीच्या धगीत कोट! "लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा," म्हणाले. एवढं सांगायला गाडी पाठवून आणलं यांना? पुन्हा पुन्हा तेच तर मी आणि सुमती वर्षानुवर्षं करतोय — तिन्ही पाळ्यांचं उत्पादन मशीनवार टाइप करा, साहेबांच्या टेबलावर ठेवा.

९ जानेवारी
सुमती वर्गाला आलीच नाही. "मले नाही समजत वं ते. तू शिक, मंग मले सांगजो." डोकं चालवायचंच नाही बाईला!
सरांनी उत्पादनाची सगळी माहिती एकदम पडद्यावर छापून दाखवली. कंसात कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं — नुसती भेळ. "डेटा नेस्टेड आहे." बरं, मग? पुढे काही नाही. पाळीच्या आत मशीन, मशीनपुढे आकडा — असं सरळ बोलायला जीभ झडते का?

१२ जानेवारी
लूप चालवला. सकाळ, दुपार, रात्र — एवढंच छापलं. मशीनं गायब, आकडे गायब. "लॉजिक सुधारा, मॅडम." हे तर पानठेलेवालाही सांगेल!

१३ जानेवारी
लूपच्या आत लूप टाकला. आता प्रत्येक पाळीचं शेवटचंच मशीन येतं. सरांना विचारलं, तर घड्याळ बघून म्हणे, "प्रॅक्टिस." त्यांनाच येत नाही. पैज लावते.

१५ जानेवारी
सापडलं! छापायची ओळ आतल्या लूपच्या बाहेर पडली होती. आत सरकवली आणि झालं. बाहेरचा लूप एक पाळी धरतो, आतला तिची सगळी मशीनं फिरून येतो, मगच बाहेरचा पुढची पाळी धरतो. इतकंच! त्यासाठी कोट कशाला लागतो?
मॅनेजर महादेवराव मागेच उभे होते.
"आपोआप होते हे?"
"हो."
"रोज?"
"रोज."
सरांचं तोंड बघण्यासारखं झालं! सुमतीला बोलावून दाखवलं. तिनं टाळ्याच वाजवल्या — "सुटलो वं, माया, या टायपिंगातून!"

२२ जानेवारी
ऑफिसातून सुमतीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी धावत महादेवरावांकडे गेले. हसून म्हणाले, "तुमच्याच प्रोग्राममुळे जमलं, मायाबाई."
ती गेटवर भेटली. तिनंच विचारलं, "तू काहून रडून राहिली वं?"