डब्याचं माप

बाकोलोड, ३ फेब्रुवारी २००३

ती. नांग फेलिंग हिस,
धाकट्या भावाचा, देलिओचा, सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला. नॉर्मा बरी आहे. बेकरीत पियायाचा, त्या गुळाच्या पोळ्यांचा, खप वाढलाय आणि माझं पोटही, असं तीच म्हणते.

खरी बातमी पिस्तुलाची. तालिसायच्या बेनोय मिस्त्रीकडून नवी नळी बसवून तिच्या टोकाला वरून दोन भोकं पाडून घेतली. आता बार उडाला की तोंड वर उसळत नाही. मुठीला खालून नरसाळ्यासारखं रुंद तोंड बसवलं, मॅगझिन डोळे मिटून आत जातं. शिवाय मॅगझिनच्या बुडाला उंच टोप्या करायला टाकल्यात, म्हणजे आत दोन गोळ्या जास्त मावतील.

मे महिन्यात तुमच्या इलोइलोच्या सामन्यात स्टँडर्ड गटात पहिला येईल तो राष्ट्रीय संघात जाणार. मी एक्कावन्न वर्षांचा. माझा हात अजून स्थिर आहे, पण आपल्या पप्पांचा हात बावन्न पूर्ण होताच थरथरायला लागला होता, हे तुला मी सांगायला नको. मला हीच एक संधी आहे. हत्यारं तपासायच्या टेबलावर यंदाही तूच बसणार असं कळलं. बरं वाटलं. अशा ठिकाणी घरचं माणूस असलेलं बरं.

तुझ्या लोभाचा हक्कदार,
देलिओ

इलोइलो, १४ फेब्रुवारी

चि. देलिओ यास अनेक आशीर्वाद, आणि अकलेसाठी एक जादा.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. नळीला भोकं पाडलीस आणि वर स्टँडर्डचं नाव घेतोस? भोकं पडली की पिस्तूल ओपन गटात गेलं. तिथे लाल ठिपक्याच्या दुर्बिणी लावून विशी-पंचविशीतली पोरं येतात. तुझं नाव शोधायला यादी खालून वाचावी लागेल. ज्याचं हत्यार कुठल्याच गटात बसत नाही, त्यालाही तिथेच ढकलतात. तू तिथे शोभशील, पण संघात काही जाणार नाहीस.

जुनी नळी मुकाट्यानं परत बसव. मुठीचं नरसाळं चालेल, पण डब्यात बसलं पाहिजे. टेबलावर माझा लोखंडी डबा असतो, तुझ्या पावाच्या साच्याएवढा. पिस्तूल त्यात अलगद बसलं तर स्टँडर्ड, नाही तर ओपन. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. माप सोबतच्या चिठ्ठीवर देते आहे. बेनोयचं मात्र कौतुक आहे. तू म्हणालास तर तो पिस्तुलाला घंटी आणि कॅरियरही बसवून देईल.

आणि घरच्या माणसाचं म्हणशील तर, अकरा वर्षं मी त्या टेबलावर बसते. बसले की मला भाऊ नसतो.

नॉर्माला सांग, तुझा भात कमी कर.

लोभ आहेच, त्याचा गैरफायदा घेऊ नये.
फेलिंग

बाकोलोड, २ एप्रिल

ती. नांगला नमस्कार. साष्टांग घालायला पोट आड येतं.

जुनी नळी बसवली, खूश हो. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तुझ्या मापाचा डबाही केला. घरात पिस्तूल हातात घ्यायचं ते मॅगझिन काढून, रिकामं आहे हे नॉर्माला दाखवून, ही आमची शिस्त तुला ठाऊक आहे. तसंच घेतलं आणि डब्यात ठेवलं. असं बसलं की वर बोट मावेल. टोप्याही आल्या, झकास झाल्यात. तेव्हा मला शिकवणं पुरे.

इथे क्लबात लोक तुझ्याबद्दल काय म्हणतात सांगू? ज्यांना नेम धरता येत नाही, ते माप धरून बसतात. मी म्हणत नाही हो, मी फक्त ऐकतो आणि मान डोलावतो.

मे महिन्यात तुझ्या टेबलासमोर उभा राहीन. भावासारखं नाही, विजेत्यासारखं.

लोभ आजवर होता तसाच राहावा, हवं तर थोडा आदर मिसळून.
देलिओ

बाकोलोड, २० मे

फेलिंगबाईंस,

थोरल्या बहिणीला म्हणायचं 'नांग' आज हातून उतरत नाही. नमस्कार हात सवयीनं लिहितो, म्हणून लिहिला.

निम्मा सामना झाला होता आणि मी हालांदोनींच्या क्रिसांतोच्या कितीतरी पुढे होतो. तेवढ्यात मधल्या तपासणीचं तुझं टेबल आलं. तू पिस्तूल डब्यात घातलंस, काढलंस, परत घातलंस, परत काढलंस, आणि बसचा कंडक्टर थांब्याचं नाव ओरडतो तशा आवाजात म्हणालीस, "ओपन." पुढचा सामना मी तसाच मारला. ओपनमध्ये एकतिसावा आलो. माझ्याहून कमी गुण मिळवून क्रिसांतो संघात गेला.

परतीच्या बोटीत नॉर्मानं माझी पिशवी मांडीवर घेतली आणि बाकोलोड येईपर्यंत धरून ठेवली. ती शिव्या देत असती तर सोपं गेलं असतं.

केसभर फरक असेल. सगळीकडे तपासणारे जरा अंगठा टेकवतात, पिस्तूल बसतं, पुढे जातं. तुझा अंगठा झिजला असता? मला पुढच्या वर्षी बावन्न पूर्ण होतील. परवा कॉफी ओतताना बशीत सांडली. नॉर्मा म्हणते कप भरून ओतला म्हणून. असेल.

लोभ वगैरे काही नको.
रोदेलिओ

इलोइलो, २९ मे

चि. देलिओस आशीर्वाद. नको असले तरी ठेवून घे, आमच्याकडे परत घ्यायची पद्धत नाही.

केसभर नव्हतं, नखभर होतं. आणि ते तुझ्या त्या झकास टोप्यांमुळे. डब्यात पिस्तूल घालायचं ते मॅगझिन लावून, हे काल बंदूक धरायला शिकलेल्यालाही माहीत असतं. घरची शिस्त घरी, गाढवा.

पण तुझं एप्रिलचं पत्र काल पुन्हा काढलं. मॅगझिन काढून मोजलं, असं तू स्वच्छ लिहिलं आहेस. मला तेव्हाच दिसायला हवं होतं. एक ओळ लिहिली असती तर तू टोप्या कापून आणल्या असत्यास. मी त्यातला नेम आणि मापाचा टोमणा तेवढाच वाचला, आणि महिनाभर धुमसत बसले.

आता अंगठ्याचं. पहिल्यांदा घातलं ते नियमानं. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा हात आडवा धरून मी दाबलं. चांगलं जोर लावून दाबलं, नख मुळापासून तुटलं. तुला दिसलं नाही, कारण तू माझ्याकडे पाठ करून लोकांना हसून दाखवत होतास. दाबूनसुद्धा नाही बसलं, देलिओ. बसलं असतं तर मी स्टँडर्ड म्हटलं असतं आणि क्रिसांतोच्या डोळ्याला डोळा न भिडवता पुढचं पिस्तूल मागितलं असतं. मला खूप वाईट वाटलं. अजून वाटतं, आणि कशाचं जास्त वाटतं ते कळत नाही.

सोमवारी टेबल सोडलं. अध्यक्षांनी कारण विचारलं. अंगठा दुखतो म्हणाले.

त्यांना नवा डबा मिळेल, म्हणून जुना मागून घेतला. या पत्राबरोबर बोटीनं पाठवते आहे. कॉफी सांडली तर पुसून टाक आणि सरावाला जा.

लोभ नको म्हणालास. बरं. मग नुसतं डब्यात घालून बघ, मॅगझिन लावून.

नांग