फेसाखालची मतं

रविवार, इस्लामपूर. निकालाची संध्याकाळ.

जिल्हा परिषदेला माझा मित्र, रिटायर सुभेदार, पडला. उभा राहा म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. कशाच्या जोरावर? माझ्या सलूनमधल्या गप्पांच्या. गालाला फेस लागला की जो तो म्हणायचा, "औंदा सुभेदारच. लय झालं त्या घराण्याचं." आणि आज गुलाल पुन्हा त्याच घराण्यावर! अरे, मी विचारलं होतं का कुणाला? फेस लावून घेत गप्प बसायचं होतं. की मलाच तेवढं ऐकू येत होतं?

मघाशी सुभेदार येऊन खुर्चीत बसला. म्हणालो, "चुकलं माझं."

"फुडच्या टायमाला तू हुबा ऱ्हा गड्या. मी बसतो ऐकत."

इतकी मुकाट्यानं दाढी मी आजवर कुणाची केली नव्हती.